‘मस्त लिहिलंय’ने काम भागत नाही: लिखाणावर अभिप्राय कसा मागावा, कसा द्यावा, कसा पचवावा

माझी पहिली कथा लेखनगटात वाचायला दिली तेव्हा चौदा जणांचे अभिप्राय आले. तेरा जणांनी ‘छान’, ‘मस्त’, ‘लिहीत राहा’ असं कळवलं. चौदाव्याने दीड पान लिहिलं, आणि ती कथा त्याने स्वतः लिहिली असती तर कशी लिहिली असती ते सविस्तर सांगितलं. तेरा अभिप्राय मी पुन्हा पुन्हा वाचले, चौदाव्यावर दोन दिवस धुमसले, आणि कथा होती तिथेच राहिली. वाचताना आपलं लक्ष नेमकं कुठे उडालं, एवढं साधं कुणीही सांगितलं नव्हतं. आणि तसं मी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर बरेच गट पाहिले, काही सोडले, एकात टिकले. नव्याने येणाऱ्यांचा गोंधळ तोच असतो, म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहून ठेवते आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण आहे: लेखकाला स्वतःचं लिखाण पहिल्यांदा वाचता येत नाही. पुढे काय होणार, कोण खोटं बोलतंय, पत्रात काय होतं, सगळं त्याला आधीच ठाऊक असतं. कोरं वाचन फक्त दुसऱ्याकडे असतं. अभिप्राय मागायचा तो त्या वाचनात काय घडलं हे कळावं म्हणून, आणि द्यायचाही तेवढ्यासाठीच.

सुरुवातीला जवळ काय असावं:

- शेवटापर्यंत गेलेला आणि निदान एकदा मोठ्याने वाचलेला मसुदा
- सोबत द्यायची चार ओळींची चिठ्ठी (तिसरा टप्पा बघा)
- युनिकोडमध्ये टंकलेली फाइल, पानांना क्रमांक घातलेली
- आलेले अभिप्राय एका जागी उतरवायला वही
- वेळ. २००० शब्दांची कथा दोनदा वाचून नीट अभिप्राय लिहायला मला तास-सव्वा तास लागतो. दहा मिनिटांत उरकणार असाल तर त्या दिवशी नका देऊ.

१. आधी दुसऱ्यांचं वाचा

गटात आल्या आल्या स्वतःची कादंबरी पुढे सरकवणारे लोक असतात. त्यांना उत्तरं येत नाहीत आणि मग ते म्हणतात, इथे कंपूबाजी आहे. आधी तीन-चार जणांचे मसुदे वाचा, त्यांवर लिहा. ओळख होते हा एक फायदा, दुसरा मोठा. दुसऱ्याच्या कथेत ‘इथे दोन पानं नुसती पार्श्वभूमीच चालली आहे’ असं लिहिल्यावर घरी जाऊन आपली कथा उघडली की तिथेही दोन पानं पार्श्वभूमी सापडते.

याच काळात गट पारखून घ्या. मी एकच गोष्ट बघते: लोकांचे दुसरे मसुदे पहिल्यापेक्षा वेगळे असतात का? सगळे एकमेकांची पाठ थोपटत असतील तर दुसरा मसुदा येतच नाही. फाडून काढण्यातच मजा घेणारे असतील तर लेखकच पुन्हा येत नाही. दोन्ही ठिकाणांहून वेळेवर निघालेलं बरं.

२. मसुदा पिकू द्या, पण कुजू देऊ नका

अर्धवट लिखाण दाखवायचा मोह फार होतो. कथा अजून आपल्यालाच उलगडत असते आणि कुणीतरी म्हणतं, ‘हा भाऊच खुनी निघणार ना?’ झालं. आता तुम्ही भावाला खुनी करणार किंवा मुद्दाम होऊ देणार नाही. दोन्हीकडे कथेचा लगाम तुमच्या हातातून गेला. त्यामुळे शेवटापर्यंत जा, चार-आठ दिवस ठेवून द्या, मग मोठ्याने वाचा. स्वतःचा आवाज ऐकायचा कंटाळा असेल तर फोनकडून वाचून घ्या. तो भावनाशून्य आवाजात वाचतो, त्यामुळे लांबलेली वाक्यं लगेच उघडी पडतात.

तुम्हाला आधीच माहीत असलेले दोष दुरुस्त करून टाका. नाहीतर सहा जण तेच सहा वेळा सांगतील आणि तुम्हाला न दिसलेली गोष्ट तशीच राहील.

उलट टोकही असतं. अकरा वेळा घासूनपुसून झालेला, तुमच्या मते एक शब्दही हलणार नाही असा मसुदा देऊ नका. त्या वेळी तुम्हाला अभिप्राय नको असतो, टाळ्या हव्या असतात. हव्या असल्या तर त्यात गैर काही नाही. फक्त तसं सांगा.

३. चिठ्ठी लिहा

माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक या टप्प्याने पडतो आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात. ‘कसं वाटलं सांगा’ म्हटलं की ‘छान वाटलं’ असंच उत्तर येणार. माझी एक जुनी चिठ्ठी देते:

“कथा, १८०० शब्द, दुसरा खर्डा. शुद्धलेखन सध्या बघू नका, ते शेवटी करणार आहे. एका प्रसंगात अपघाताचं वर्णन आहे. तीन गोष्टी सांगितल्यात तर उपयोग होईल: कुठे कंटाळा आला किंवा मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? नलूने पत्र का फाडलं असं तुम्हाला वाटलं? शेवट काय होणार हे कुठल्या पानावर लक्षात आलं?”

यात प्रकार आहे, लांबी आहे, मसुदा कितवा ते आहे, काय नको ते आहे, त्रास होऊ शकेल अशा प्रसंगाचा इशारा आहे. आणि दुसरा प्रश्न नीट बघा. मी आधी असं लिहिलं होतं: ‘नलूने रागाने पत्र फाडलं हे कळतं का?’ त्याला सगळे ‘हो’ म्हणाले असते, कारण उत्तर मीच पुरवलं होतं. प्रश्न उघडा ठेवल्यावर पाच जणांपैकी तिघांनी लिहिलं की नलू घाबरली होती. रागाचा एकही मागमूस कथेत नव्हता. तो माझ्या डोक्यात होता.

कथेचा अर्थ चिठ्ठीत सांगून टाकू नका. ‘ही खरं तर एकटेपणाची कथा आहे, पाऊस हे प्रतीक आहे’ असं आधीच सांगितलंत की पावसात प्रतीक दिसतं का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. क्षमायाचनाही नको. ‘घाईत लिहिलंय, फार काही जमलं नाहीये’ असं वाचल्यावर चांगला माणूस संकोचाने गप्प बसतो.

४. फाइल

थोडक्यात: जुन्या टंकांतला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, तेव्हा युनिकोडच. गूगल डॉक्स वापरत असाल तर वाचकांना फक्त शेरा लिहिण्याची परवानगी द्या. बदल करण्याची परवानगी दिलीत तर एखादा उत्साही मित्र तुमची वाक्यं जागच्या जागी दुरुस्त करून मोकळा होतो. आणि सगळ्यांना एकाच फाइलवर शेरे लिहायला लावू नका. पहिल्याने ‘शेवट पटला नाही’ म्हटलं की पुढच्या चौघांनाही तो पटत नाही. प्रत्येकाला वेगळी प्रत.

फाइलच्या नावात मसुद्याचा क्रमांक घाला. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरोखर’ या तीन फाइलींमधून मी एकदा चुकीची पाठवली आहे.

५. दुसऱ्याचं वाचताना: पहिल्यांदा हात बांधून

आता तुमची देण्याची पाळी. पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, सलग, साध्या वाचकासारखं. फार तर जिथे थबकलात तिथे समासात एक टिंब. चिठ्ठी त्यानंतर वाचली तरी चालते, मी तसंच करते. इशारा वगळता बाकीचं नंतर. मग दुसरं वाचन, आणि त्यात कारणांचा शोध: इथे मी का थबकले?

पहिल्याच वाचनात दुरुस्त्या करायला लागलात की तुम्ही वाचक राहत नाही, मुद्रितशोधक होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चाळीस चुका दाखवायच्या आणि मधला अख्खा प्रसंग काढून टाकला तरी काही बिघडत नाही हे सांगायचं राहून जायचं, असं फार वेळा होतं. तो प्रसंग पुढच्या मसुद्यात जाणारच असेल तर त्यातली वेलांटी सुधारून काय मिळवलं?

६. लिहिताना: काय घडलं ते सांगा, मग का ते

एक छोटा उतारा घेऊ. उदाहरणासाठी मीच रचलाय, त्यामुळे कुणाला दुखावणार नाही.

“माधव खोलीत आला. त्याच्या मनात दुःखाचा सागर उसळला होता. टेबलावरच्या वर्तमानपत्रावर आईचा चष्मा होता, काड्या न मिटलेल्या. आता ती कधीच परत येणार नाही या जाणिवेने त्याचे डोळे पाणावले.”

यावर पहिला अभिप्राय: ‘हृदयस्पर्शी! डोळ्यांत पाणी आलं.’ लेखकाला बरं वाटेल, पण कोणत्या वाक्याने पाणी आलं ते कळणार नाही. पुढच्या कथेत तो बहुधा आणखी दोन सागर घालेल.

दुसरा: ‘फारच भावनिक आणि घिसंपिटं. शब्दबंबाळ लिहिणं टाळा.’ म्हणणं अगदीच चूक नाही, पण हा शेरा कुठल्याही कथेखाली चिकटवता येतो, आणि लेखक घाबरून चष्माही काढून टाकण्याची शक्यता आहे.

तिसरा: ‘असं लिहा: माधव खोलीत आला. चष्मा तिथेच होता. तो काही बोलला नाही.’ वाक्यं बरी आहेत, पण ती तिसऱ्याची आहेत. हा गुन्हा मी केलेला आहे. एका नवख्या मुलीचा पूर्ण पहिला परिच्छेद मी ‘सुधारून’ दिला, मनापासून, मदत म्हणून. तिने आभार मानले आणि पुन्हा काही वाचायला दिलं नाही. वर्षभराने दुसऱ्याकडून कळलं की तिला वाटलं, आपल्याला लिहिताच येत नाही.

चौथा: ‘न मिटलेल्या काड्या वाचल्या आणि मला आई दिसली, मघाशी वाचत होती, आत्ता उठून गेली असं वाटलं. तिथेच कळलं की ती गेलीय. त्यानंतरच्या वाक्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि मी माधवबरोबर होते ती बाहेर पडले. “दुःखाचा सागर” वाचताना मात्र मला काहीच दिसलं नाही, डोळा पुढे सरकला. ते वाक्य चष्म्याच्या आधी येतं, त्यामुळे चष्मा दिसण्याआधीच मला काय वाटायला हवं ते कळलेलं असतं. तसं हवं होतं का?’

या चौथ्यात कसलीही हुशारी नाही, मुद्दाम बघा. जागा नेमकी आहे, त्या जागी वाचकाचं काय झालं ते आहे, मग अंदाजाने कारण आहे, आणि निर्णय लेखकाकडे परत दिलेला आहे. चष्मा ठेवा, हेही त्यात आलंच.

ठेवा म्हणणं किती मोलाचं असतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. टी. एस. एलियटच्या १९२२ साली आलेल्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकवितेच्या हस्तलिखितावर त्याचा कविमित्र एझ्रा पाउंडने भरपूर काट मारली, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. बुडालेल्या खलाशाचा, फ्लेबसचा, भाग त्यात छाटून छाटून दहा ओळींवर आला होता. तेव्हा एलियटने पत्रातून विचारलं, फ्लेबसही काढू का? पाउंडने ठाम नाही म्हटलं, तो तिथे हवाच. इतकं कापणाऱ्या माणसाने हे ठेव म्हटलं म्हणून त्या ‘ठेव’ला वजन होतं. नुसतं कौतुक करणाऱ्याच्या किंवा नुसतं कापणाऱ्याच्या शब्दाला ते येत नाही.

काही साधी वाक्यं हाताशी ठेवा, अडलं की उपयोगी पडतात:

- “इथे मला वाटलं की...”
- “पान तीनवर मी हरवले, कोण बोलतंय ते कळेना.”
- “इथून पुढे मला थांबवेना.”
- “हे मुद्दाम केलंय का?”
- “मला याचं उत्तर हवं होतं, मिळालं नाही.”

आणि दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. एक, ‘तुम्ही’वर घसरणं. ‘संवाद एकसुरी वाटले’ हे मजकुराबद्दल आहे. ‘तुम्हाला संवाद जमत नाहीत’ हे माणसाबद्दल. दोन, आवडीनिवडीला नियमाचा वेष चढवणं. मला भुताच्या गोष्टी आवडत नाहीत. भुताची गोष्ट आली की मी पहिल्याच ओळीत तसं लिहून टाकते, म्हणजे लेखक माझं म्हणणं त्या हिशेबाने घेतो.

गोड-कडू-गोड असं सँडविच करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो फारसा पटत नाही. लोक हुशार असतात, वरचा पाव बाजूला ठेवून सरळ मधलं शोधतात, आणि मग तुमची खरी दादही त्यांना पाव वाटते. जे आवडलं ते तेवढंच नेमकं लिहा, कुठेही येऊ दे.

कवितेबद्दल वेगळं थोडंसंच. पूर्ण कविता किमान तीनदा वाचा, एकदा तरी ओठ हलवून. ‘समजली नाही’ म्हणण्याआधी कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतात ते सांगा. आणि कुणी स्वतःच्या आजारपणावर किंवा घरातल्या मृत्यूवर लिहिलं असेल तर आधी अनुभवाबद्दल एक माणुसकीचं वाक्य, मग लिखाण. ‘अशा वेळी तुम्ही असं वागायला नको होतं’ हा लिखाणावरचा अभिप्राय नाही.

७. आपल्यावर पाळी आली की गप्प बसा

अमेरिकेत लेखनकार्यशाळांची जुनी परंपरा आहे. आयोवा विद्यापीठातली कार्यशाळा १९३६ सालची. विज्ञानकथाकार डेमन नाइट यांनी मिलफर्ड या गावी १९५६ साली परिषद सुरू केली, तिच्यामुळे एक पद्धत रूढ झाली: सगळ्यांनी गोलात बसायचं, प्रत्येकाने ठरलेल्या वेळात बोलायचं, आणि सगळ्यांचं होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांसाठीच्या क्लॅरिअन कार्यशाळेतही हीच रीत आली. वाचायला निर्दय वाटतं. पण कारण व्यवहारी आहे: छापलेल्या कथेबरोबर लेखक वाचकाच्या घरी जाऊन ‘नाही नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं’ सांगू शकत नाही. समजावून सांगावं लागलं तर ते कथेत नाही.

याला पर्यायही आहे. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास बसवलेल्या पद्धतीत आधी बघणारे काय भावलं ते सांगतात, मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो, मग बघणारे मत न मिसळता प्रश्न विचारतात, आणि शेवटी ‘याबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ अशी परवानगी घेऊन मत देतात. परवानगी नाकारताही येते. नवख्या किंवा दुखावलेल्या माणसासाठी मला हीच जास्त आवडते, फक्त तिला वेळ लागतो आणि गटाला थोडी शिस्त.

लेखी अभिप्राय आले असतील तर माझा नियम असा: त्या दिवशी फक्त ‘वाचलं, वेळ दिलात त्याबद्दल आभार’. दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी लिहिलेलं प्रत्येक स्पष्टीकरण मला नंतर खोडावंसं वाटलं आहे. काही कळलं नसेल तर दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारा, वाद घालू नका: ‘पान चारवर कंटाळा आला म्हणालात, तो संवादापासून की वर्णनापासून?’

अपमान मात्र सहन करायची गरज नाही. मजकूर सोडून तुमच्यावर, तुमच्या जातीवर, बोलीवर, शिक्षणावर कुणी घसरलं तर तो अभिप्राय नसतो. उत्तर न देता गट चालवणाऱ्याला कळवा.

८. चाळणी लावा

वहीत तीन रकाने करा: जागा, वाचकाला काय झालं, वाचकाने सुचवलेला उपाय. पहिले दोन रकाने गंभीरपणे घ्या. तिसऱ्याकडे सावधपणे बघा. मला एकदा एकीने सांगितलं की आजोबांचं पात्र काढून टाका, दुसऱ्याने सांगितलं की आजोबांना जास्त जागा द्या, तिसरी म्हणाली त्यांचं निधन आधी दाखवा. तीन उपाय, तीन दिशा. पण तिघांचं बोट सहाव्या पानावर होतं. तिथे आजोबा येत होते आणि त्यांचं कुणाशी काय नातं आहे हे मी सांगायचंच विसरले होते. एक ओळ घातली, तिन्ही तक्रारी मिटल्या.

एकाच जागी दोघं-तिघं अडखळले तर तिथे काहीतरी आहे, मग त्यांनी दिलेली कारणं जुळोत न जुळोत. एकटाच अडखळला तर बघा की तो बाकी ठिकाणी तुमच्या कथेबरोबर होता का. जो सगळीकडे बरोबर होता आणि एकाच जागी सुटला, त्याचं ऐका. ज्याला मुळात वेगळीच कथा हवी होती, त्याला नमस्कार.

सगळे सल्ले मानले तर काय होतं तेही मी करून पाहिलं आहे. कथेला एकही टोक उरलं नाही. कुणाला काही खटकेना आणि कुणाला काही आठवेना.

९. पुन्हा लिहा, पण वाचक राखून ठेवा

बदल नव्या फाइलमध्ये करा, जुनी तशीच ठेवा. आधी मोठे बदल: प्रसंगांचा क्रम, गाळलेलं, वाढवलेलं. वाक्यं नंतर, शुद्धलेखन अगदी शेवटी. झालं की ज्यांच्या शेऱ्यामुळे काही बदललं त्यांना एका ओळीत कळवा: ‘तुम्ही सहाव्या पानावर अडखळलात, तिथे एक ओळ घातली.’ याचं लोकांना किती अप्रूप असतं ते कळवल्यावरच समजेल. पुढच्या वेळी ते आणखी बारकाईने वाचतात.

आता दुसरा मसुदा कुणाला द्यायचा? इथे बहुतेक जण चुकतात, त्याच पाच जणांकडे परत जातात. पण नलूने पत्र का फाडलं हे त्यांना आता माहीत आहे. ते कोरे राहिलेले नाहीत, तुमच्याइतकेच आतले झालेत. पहिला मसुदा सगळ्या गटाला वाटू नका. दहा जण असतील तर चौघांना द्या, तिघांना दुसऱ्या खर्ड्यासाठी ठेवा, आणि सगळ्यांत बारकाईने वाचणाऱ्या एकाला अगदी शेवटपर्यंत काही सांगू नका. जेवताना, चालताना, गप्पांच्या ओघात कथानक तोंडातून निसटतं, ते सांभाळा. मी परवाच एक असा वाचक घालवला: फोनवर, ‘काय लिहितेस सध्या?’ या साध्या प्रश्नाच्या उत्तरात.